बनूला सांगायचं राहिलं

एका गावात सगळेच दोर वळायचे. गावाचं नाव विचारू नका. तिथल्या लोकांना आता त्या जुन्या गोष्टीची लाज वाटते, आणि लाज वाटणाऱ्याच्या दारात पाहुणे पाठवू नयेत.

अंबाडी कापायची, ओढ्यात भिजत घालायची, कुजली की बडवून तिचा वाख, म्हणजे धागा, काढायचा आणि त्या वाखाचे दोर वळायचे. बैलाचा कासरा, म्हशीचं दावं, विहिरीचा नाडा, पाळण्याची दोरी, सगळं याच गावातून पंचक्रोशीत जायचं. दोर वळायला दोन माणसं लागतात. एकजण चाकाची मूठ फिरवतो. दुसरा कमरेला वाखाचा पुंजका बांधतो, त्याचं टोक चाकाच्या आकड्यात अडकवतो आणि बोटांनी वाख सोडत सोडत उलटा चालत जातो. चाक फिरतं तसा पीळ बसतो. उलटा चालणारा थांबला आणि चाकवाला थांबला नाही, तर दोर अंगावर चढतो, गुंततो आणि सकाळभराचं काम वाया जातं. म्हणून त्या गावात नवरा-बायकोची भांडणं चाकावर बसायच्या आधी मिटवत. असो. मी असंच चऱ्हाट वळत बसलो तर बनू राहून जाईल, आणि ती एकदा राहिली तेवढं पुष्कळ झालं.

बनू चाळिशीची बाई. तिची समज हळू चालायची. दोन-तीन शब्दांत बोलायची, वार तिला कळायचे नाहीत, लुगड्याचा काष्टा भावजय घालून द्यायची. पण चाकाची मूठ हातात आली की तिच्यासारखं फिरवणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. बाप ऐंशी पावलं उलटा चालत बाभळीपर्यंत जायचा आणि तिथून ओरडायचा, "बास!" की बनूचा हात तिथल्या तिथे थांबायचा. तीस वर्षं बापलेकीनं असे दोर वळले. गावात तिला 'खुळी बनू' म्हणत. लंगड्याला लंगडा म्हणावं तसं. वाईट मनानं नाही, पण विचार करूनही नाही.

आता त्या गावाची एक रीत सांगतो. मला ती सांगताना आजही चीड येते.

दोर वळणारी माणसं सगळीकडे दोरच बघतात. त्यांचं म्हणणं असं, की माणूस मरतो तेव्हा त्याचा जीव पेड उलगडावा तसा हळूहळू सुटत जातो. त्या वेळी शहाण्या माणसानं हाक मारली तर फार बिघडत नाही, कारण शहाणा चार दिवसांनी हाक सोडून देतो. पण खुळं माणूस हाक सोडत नाही. त्याच्या हाकेची गाठ बसते आणि मेलेला अडकून पडतो. म्हणून रीत अशी, की घरात मयत झाली की घरातल्या खुळ्या माणसाला हळूच उचलायचं, दुसऱ्याच्या घरी नेऊन बसवायचं, गूळ-खोबरं द्यायचं, आणि नंतर विचारलं तर सांगायचं, "गावाला गेलेत."

वैशाखात एका सकाळी बनूचा बाप लेकाबरोबर ओढ्यावर अंबाडी उलटी करायला गेला, छातीत कळ आली आणि तिथेच काठावर बसल्या बसल्या गेला. लगेच शेजारीण आली आणि बनूचा हात धरून तिला आपल्या घरी घेऊन गेली. तिथे तीन दिवस बनूनं गूळ-खोबरं खाल्लं. चौथ्या दिवशी घरी आली तर बाबाची वाकळ नव्हती, पागोटं खुंटीवर होतं, आणि धाकटा भाऊ म्हादू डोळे सुजवून बसला होता.

"बाबा?" बनूनं विचारलं.

"गावाला गेलेत, आक्का. दोर विकायला."

"कवा येणार?"

"येतील," म्हादू म्हणाला आणि बाहेर निघून गेला.

बनू चाकाशी जाऊन बसली.

पहिले आठ दिवस ती नुसती विचारत राहिली. सकाळी विचारायची, दुपारी विचारायची, ताटावर बसली की विचारायची. भावजय सारजा भाकरी थापता थापता म्हणायची, "येतील हां, वन्सं." मग बनूनं विचारणं सोडलं आणि फिरणं धरलं. चाकापासून बाभळीपर्यंत, बाभळीपासून चाकापर्यंत. उन्हात, पायात काही नाही. मध्येच चाकाशी बसायची आणि आकड्याला वाख नसताना मूठ फिरवत राहायची, तास तास, बोटांना फोड येईपर्यंत. भाकरी पुढे ठेवली तर अर्धी खायची, पुढे पाव भाकरीही खाईना. झोप उडाली. अंगावरचं लुगडं दातांनी फाडायला लागली. स्वतःच्याच कपाळावर बुक्क्या मारायची.

म्हादूनं विचार केला, काम सुटलंय म्हणून हे होतंय. त्यानं शेजारच्या दोरवाल्याला बोलावलं. तो बापाच्या जागी उलटा चालत बाभळीपर्यंत गेला आणि ओरडला, "बास!"

बनू उठली, ऐंशी पावलं धावत गेली आणि त्याच्या थोबाडीत मारली.

मग काय, गावाला विषय मिळाला. कुणी म्हणे बाहेरचं झालंय, कुणी म्हणे चाळिशीत खूळ वाढतंच. एकीनं मिरच्यांची धुरी दिली. एकीनं गंडा बांधला, तो बनूनं पहिल्याच दिवशी सोडून टाकला, कारण गाठी सोडण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. गावचा कारभारी शहाणा माणूस. निदान गाव तरी तसं मानायचं. तो पारावर बसून म्हणाला, "सुंभ जळला तरी पीळ जात न्हाई. ती खुळीच. आधी गप खुळी होती, आता उधळी खुळी झाली. त्यात नवल काय?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. जन्मभर हातानं पीळ भरणारी ती माणसं, पण पीळ आपोआप येत नाही, कुणीतरी भरावा लागतो, हे तेव्हा एकालाही आठवलं नाही.

आषाढ लागला आणि बनू रस्त्यावर जाऊ लागली. गावात येणारी प्रत्येक बैलगाडी ती अडवायची. बैलांच्या पुढ्यात उभी राहायची, मग मागे जाऊन गाडीत वाकून बघायची. एकदा बैल बुजले, चाक तिच्या पायाला घासून गेलं. घोटा सुजला, तरी दुसऱ्या दिवशी लंगडत ती पुन्हा रस्त्यावर.

तेव्हा कारभाऱ्यानं म्हादूला बोलावून सांगितलं, "बाबा, आज तिचा पाय गेला. उद्या गाडीवानाचा जीव जाईल. अमावास्येला डोंगरापल्याडच्या मठाकडं आपली गाडी जाणार हाय. तिला तिथं सोडू. तिथं असल्यांना खांबाला बांधून ठेवतात, दोन येळचं जेवाण देतात. तवर घरात बांध."

अमावास्या तिसऱ्या दिवशी होती. मठात गेलेलं माणूस परत आल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं, आणि कुणी आठवायचा प्रयत्नही करत नव्हतं.

म्हादू रडत घरी आला. वाईट माणूस नव्हता तो. त्यानं घरातली सगळी दावी काढली आणि त्यातलं सर्वांत मऊ निवडलं, बहिणीच्या मनगटाला काचू नये म्हणून. बांधताना तिच्याकडे बघितलंही नाही. बनूनं अंग झाडलं नाही, हात ओढला नाही. दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती दाव्याचा पीळ चाचपत राहिली आणि म्हणाली, "बाबाचं."

मग ते दावं गालाला लावून ती उंबऱ्याशी बसून राहिली. बघणारे म्हणाले, "बघा, बांधल्यावर कशी गप झाली."

सारजाला ते बघवेना. खरं सांगायचं तर सारजा थकली होती. दोन महिने तिला धड झोप नव्हती, नणंदेला जेवू घालता घालता स्वतःचं ताट गार व्हायचं, आणि मठाची गोष्ट ऐकल्यावर तिच्या मनात सगळ्यात आधी आलं ते हेच, की आता झोप मिळेल. मग त्या विचाराची तिला इतकी शरम वाटली, की ती घरात थांबूच शकली नाही. गाडी किती वाजता निघणार ते विचारायचं निमित्त करून ती कारभाऱ्याच्या वाड्याकडे गेली.

तिथे अंगणात गर्दी. कारभाऱ्याच्या म्हशीनं नऊ दिवस वैरणीला तोंड लावलं नव्हतं. लांबच्या गावाहून गुरांचा वैद्य आणला होता. वाळका, तिरसट म्हातारा, कानात भिकबाळीऐवजी दोरा. त्यानं म्हशीचे डोळे बघितले, पोट दाबलं, शेण बघितलं आणि विचारलं, "कधीपासून खात न्हाई?"

"नऊ दीस," कारभारी म्हणाला.

"नऊ दिवसांपूर्वी काय झालं?"

कारभारीण पदर डोळ्याला लावून पुढे आली. "तिचं रेडकू मेलं, वैद्यबुवा. गोठ्याच्या मागनं नेलं, हिच्या नजरेला पडू दिलं न्हाई."

"तिथंच चुकलात. हुंगू द्यायचं होतं. मेलेलं हुंगलं की जनावर काय ते समजतं. आता ती शोधती हाय. तिला आजार न्हाई, दुःख हाय."

"दुःख हुणारच की," कारभारी म्हणाला आणि त्यानं म्हशीच्या कपाळावर हात ठेवला. "आई हाय ती. मुकी झाली म्हणून काय झालं?"

अंगण हळहळलं. बायकांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. कुणी म्हणालं हिरवा चारा आणा, कुणी म्हणालं हिला एकटी बांधू नका.

सारजा जिथे उभी होती तिथेच तिचा तोल सुटला. आजवर कारभाऱ्यासमोर तिनं तोंड उघडलं नव्हतं.

"म्हशीचं दुःख कळतं व्हय तुम्हाला?" ती म्हणाली. "नऊ दीस जेवली न्हाई तर वैद्य आणला. माझ्या वन्संनी दोन महिने धड घास घेतला न्हाई, त्यांना दावं बांधलं! त्यांचा बाप गेला, कारभारी. रेडकू नव्हं, बाप! त्याला पण त्यांच्या नजरेआडच नेलं. मी बी तिथंच हुते. मी बी तोंडात गूळ घालूनच गप बसले."

वैद्यानं हात धुतले आणि सारजाला म्हणाला, "कुठं हाय ती? दाखव."

गर्दी मागोमाग आली. फुकटचा तमाशा कोण सोडतो? बनू उंबऱ्याशी तशीच बसली होती. वैद्य तिच्यापासून चार हात लांब उकिडवा बसला.

"कधीपासून असं करती?"

"जन्मापासनंच की," चार-पाच जण एकदम म्हणाले. "खुळीच हाय ती."

वैद्य चिडला. "मी खुळेपणाचं विचारत न्हाई. न जेवणं जन्मापासनं हाय का?"

"न्हाई," सारजा म्हणाली. "दोन भाकरी खायच्या. वर कांदा."

"झोप?"

"घोरायच्या. शेजारची भांडायला यायची."

"कुणाला मारलं होतं कधी?"

शेजारचा दोरवाला गाल चोळत म्हणाला, "कवाच न्हाई. मुंगीला बी न्हाई."

"मग खुळेपण जुनं हाय आणि हे नवं हाय. जुन्याच्या नावावर नवं खपवू नका. लंगड्याला ताप येत न्हाई का? ताप आला तर लंगडा हायस म्हणून आला, असं सांगता त्याला?"

"मग औषध द्या," म्हादू म्हणाला.

"मी गुरांचा वैद्य. माझ्या रोग्याला बोलता येत न्हाई, म्हणून मला अंदाज बांधावा लागतो. हिला बोलता येतं. हिला विचारलं का कुणी, काय होतंय म्हणून?"

गंमत बघा. गावात दोनशे माणसं. दोन महिन्यांत प्रत्येकानं बनूबद्दल काही ना काही म्हटलं होतं. बनूला विचारलं मात्र एकानंही नव्हतं.

सारजा खाली बसली. "वन्सं, काय हुतंय तुम्हाला?"

बनू गप्प. एकीनं मागून सुरू केलं, "अगं तिला काय..." वैद्यानं तिच्याकडे अशी नजर टाकली, की वाक्य तिच्या तोंडातच राहिलं. सगळे थांबले. थांबायची सवय नव्हती, त्यामुळे पाय हलत होते, कुणी खोकत होतं, कुणी उगाच आभाळाकडे बघत होतं. थोडं नव्हे, बरंच थांबावं लागलं.

मग बनू म्हणाली, "बाबा रागावला."

"कुणावर?"

"माझ्यावर. दोर गुंतला. मी थांबले न्हाई. बाबा म्हणाला, लक्ष कुठं हाय तुझं. आणि गेला." तिनं फोड आलेले हात पुढे केले. "आता मी नीट फिरवते. रोज फिरवते. तरी येईना."

सारजानं तोंडावर पदर दाबला. ज्या सकाळी बाप गेला, त्याच सकाळी दोर गुंतला होता आणि बाप जरा करवादला होता, रोजच्यासारखाच. घरात ते कुणाच्या ध्यानातही नव्हतं. बनू मात्र दोन महिने तेवढंच धरून फिरत होती. ती वेड्यासारखं रिकामं चाक फिरवत नव्हती. ती माफी मागत होती.

"तिला खरं सांगा," वैद्य उठत म्हणाला. "लहान वाक्यात सांगा, पण खरं सांगा. देवाघरी गेला म्हणू नका, ती देवाच्या घराची वाट विचारील. निजला म्हणू नका, ती उठवायला जाईल. आणि एकदा सांगून भागणार न्हाई. शंभरदा विचारील, शंभरदा सांगा. सांगून बी जेवण-झोप आली न्हाई, तर तालुक्याला माणसांचा वैद्य हाय, त्याच्याकडं न्या. खांबाकडं न्यायची घाई करू नका."

वैद्य गेला आणि घरात वादाला तोंड फुटलं.

"आक्काला सांगायचं न्हाई," म्हादू म्हणाला. "ती हाक मारील. बाबाला गाठ बसंल. माझ्या बापाला मी अडकवू?"

"अवो, पण..."

"आणि ती सहन करील का? हाय त्याहून बिघडली तर?"

सारजा येरझारा घालायला लागली, चुलीपासून दारापर्यंत, दारापासून चुलीपर्यंत. तिलाही भीती होतीच. बापाचा जीव अडकला तर पाप तिच्या माथी. बनू आणखी बिघडली तर गाव म्हणणार, सुनेनं केलं. आणि गप्प राहिलं तर? गप्प राहिलं तर परवा गाडी येणार, बनू मठात जाणार, आणि खांबाला बांधलेल्या अवस्थेत जन्मभर हेच समजत राहणार, की बाप आपल्यावर रागावून गेला.

ती थांबली. "गाठ बसायची तर बसू दे. मेलेल्याला बसली तर देव सोडवील. ही जिती हाय, हिला बसलेली कोण सोडवणार?"

तिनं बनूचं दावं सोडलं, आणि म्हादूनं तिला अडवलं नाही.

सकाळी तिघं ओढ्याकाठच्या मसणवटीत गेली. जिथे बापाला जाळलं होतं तिथे आता गवत आलं होतं. सारजानं खुंटीवरचं पागोटं बरोबर घेतलं होतं, ते बनूच्या हातात दिलं. म्हादूला तोंड उघडेना, म्हणून तीच बोलली.

"वन्सं, बाबा मेले. छातीत कळ आली आणि मेले. इथं जाळलं त्यांना."

बनूनं गवताकडे बघितलं. "उद्या येणार?"

"न्हाई."

"परवा?"

"न्हाई. कवाच न्हाई. मेलेलं माणूस येत न्हाई."

"बाबाला थंडी वाजती?"

"न्हाई. मेल्यावर थंडी वाजत न्हाई. भूक लागत न्हाई. दुखत न्हाई."

बनू बराच वेळ पागोट्याचा पदर बोटांत फिरवत राहिली. "माझ्यामुळं?"

आणि तेव्हा म्हादूला वाचा फुटली. "न्हाई आक्का. तुझ्यामुळं न्हाई. ओढ्यावर मला म्हणाले, बनूला वरडलो, जाताना तिला आंबे घेऊ. ह्याच शब्दांत म्हणाले. मी तुला सांगितलं न्हाई. मी तुला कायच सांगितलं न्हाई."

बनूनं तोंड वर केलं आणि हाक मारली, "बाबा!" मग पुन्हा. मग पुन्हा. दोन महिन्यांचं जे काही तिच्या आत घुमत होतं ते सगळं त्या हाकेत आलं. सारजा रडत होती, आणि म्हादू, जो दोन महिने बहिणीपासून तोंड लपवूनच रडला होता, तो बहिणीच्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडला.

हाक गावापर्यंत पोचली. लोक धावत आले. कारभारी पुढे. "अरे काय केलंत हे! तिनं हाक मारली! आता गाठ!"

सगळे श्वास रोखून उभे राहिले. आभाळ फाटेल, ओढा उलटा वाहील, निदान वडाची फांदी तरी मोडेल, असं त्यांना वाटत होतं. एक बगळा उडाला. त्यापलीकडे काही झालं नाही. बनू रडत राहिली आणि सारजा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"उद्या गाडी हाय," कारभारी जरा वेळानं म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"पुढल्या अमावास्येला बघू," सारजा म्हणाली. "एक महिना द्या, कारभारी. म्हशीला नऊ दीस दिले, वन्संना महिना द्या."

म्हशीचं नाव निघालं तसा कारभारी खाली बघायला लागला. महिना मिळाला.

आता तुम्हाला वाटेल, बनू दुसऱ्या दिवशी हसत चाकावर बसली. नाही. पहिला आठवडा तर आधीपेक्षा अवघड गेला. ती दिवसाला पन्नासदा विचारायची, "बाबा मेला?" आणि पन्नासदा सांगावं लागायचं, "व्हय वन्सं, मेले." एकदा सारजाच्या अंगात त्राण नव्हतं आणि ती ओरडली, "किती वेळा सांगू!" मग स्वतःच कोपऱ्यात जाऊन रडली. ते शेजारणीनं ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती येऊन बसली आणि म्हणाली, "तू जरा पड. आज मी सांगते." गूळ-खोबरं खायला घालणारी तीच ती शेजारीण. मग एकेक करून बाकीच्याही यायला लागल्या. गावानं ठरवलं नव्हतं, पण हळूहळू सगळं गाव तेच उत्तर द्यायला शिकलं. बनू रस्त्यात कुणालाही थांबवून विचारायची, आणि ते काम सोडून म्हणायचे, "व्हय बनू, बाबा गेले. मेले. आम्हाला बी आठवण येती."

दहाव्या दिवशी तिनं अख्खी भाकरी खाल्ली. पंधराव्या दिवशी घोरली, आणि शेजारीण भांडायला न येता ऐकत बसली. रस्त्यावरच्या गाड्या तिनं सोडून दिल्या. दिवस मावळताना ती अजूनही कधी कधी बाभळीपर्यंत जायची, तिथे थोडं रडायची आणि परत यायची. तिला कुणी अडवलं नाही. तिसऱ्या आठवड्यात म्हादू कमरेला वाख बांधून तिच्यासमोर उभा राहिला. तिनं त्याच्याकडे बघितलं, आणि मान हलवली. नको. आठवड्यानं पुन्हा विचारलं, तेव्हा ती मुठीशी बसली.

बनू शहाणी झाली नाही, बरं का. कुणाला तशी आशा असेल तर त्यांनी गोष्ट इथेच सोडावी. वार तिला अजूनही कळत नव्हते, काष्टा अजूनही सारजाच घालून द्यायची. खुळेपण होतं तिथेच होतं. गेलं ते दुःखाचं ओझं, आणि तेही सगळं नाही, सगळ्यांचं जातं तेवढंच.

पुढल्या अमावास्येला पारावर सभा भरली. कारभाऱ्यानं विषय काढला, की बनूला मठात पाठवायचं का. सगळेच नाही म्हणाले. इतक्या लवकर मिटलेली सभा गावानं पाहिली नव्हती. लोक उठायला लागले, तोच बनू उभी राहिली. ती सभेत आजवर कधी बोलली नव्हती. खरं म्हणजे तिला सभेत कुणी बसू दिलं होतं तेच पहिल्यांदा.

तिनं विचारलं, "बाबा मेला. शेजारणीला म्हाईत हुतं?"

"व्हय," शेजारीण म्हणाली.

"म्हादूला?"

"व्हय आक्का."

"कारभाऱ्याला?"

कारभाऱ्यानं मान डोलावली.

"सगळ्यांना म्हाईत हुतं. मलाच न्हाई. का?"

कारभारी घसा खाकरत उठला. शहाणा माणूस, त्याला प्रत्येक गोष्टीवर काहीतरी सुचायचं. या वेळी त्यानं जे खरं होतं तेच सांगितलं. "बनू, आम्हाला वाटलं, तुला कळणार न्हाई."

बनूनं त्याच्याकडे बघितलं. ती रागावली नव्हती. तिला खरंच नवल वाटत होतं.

"मला कळत नव्हतं," ती म्हणाली. "म्हणून तर विचारत हुते."

कारभारी होता तिथेच खाली बसला. त्या दिवसापासून ती रीत बंद झाली, आणि मठाकडे निघालेल्या गाडीत त्या खेपेला तिघे घरधनी बसले होते, आपापल्या घरातून कधीकाळी नेऊन सोडलेल्या माणसांना आणायला. दोघांना आपली माणसं सापडली. एकाला उशीर झाला होता.

तात्पर्य काय ते कारभाऱ्याला विचारा, त्याला आता बरोबर येतं: ज्याची समज हळू चालते, त्याचं मन हळू दुखत नाही, तो बदलला की 'तो तसाच आहे' म्हणू नका, त्याच्याजवळ बसा, विचारा, आणि तो विचारील ते खरं खरं सांगा, शंभरदा सांगावं लागलं तरी.